चालत असेल तर ठेवा

माझ्या पिढीतल्या माणसांना जावा मोटारसायकल डोळ्यांच्या आधी कानांनी कळते. गाडी अजून वेशीबाहेर असायची आणि घरातलं कुणीतरी आवाजावरून सांगायचं, अमके आले. आता ती रस्त्यावर क्वचित दिसते. पण पुष्कळ घरांत ती अजून आहे. पडवीत, जिन्याखाली, गोठ्याच्या कोपऱ्यात, वर एखादं पोतं टाकलेलं. चालत नाही म्हणून काढता येत नाही आणि वडिलांची म्हणून विकवत नाही. श्रोतेहो, अशाच एका गाडीविषयी मी आज बोलणार आहे.

आधी थोडं नावाविषयी. जावा नावाचं बेट आहे, पण त्याचा या गाडीशी संबंध नाही. यानेचेक नावाच्या झेक कारखानदाराने 1929 साली जर्मनीच्या वांडरर कंपनीकडून मोटारसायकलचा आराखडा घेतला. दोन्ही नावांची सुरुवातीची अक्षरं जोडून ‘जावा’ हे नाव झालं. आपल्याकडे ती आणली इराणी मंडळींनी. म्हैसूरला ‘आयडियल जावा’ हा कारखाना उभा राहिला आणि 1961 पासून तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या. 1973 मध्ये नाव बदलून ‘येझदी’ झालं, ते इराणातल्या यझ्द शहरावरून. 1996 साली कारखाना बंद पडला. 2018 मध्ये जावा हे नाव पुन्हा बाजारात आलं, पण ती गाडी वेगळी. तिचं इंजिन आमच्या गाडीच्या काही उपयोगाचं नाही.

आमची गाडी 1969 सालची, जावा 250. अब्बा बार्शी भागात गुरांच्या दवाखान्यात नोकरीला होते. डॉक्टर नव्हते, डॉक्टरांच्या हाताखालचे होते. पण खेडोपाडी लोक त्यांना डॉक्टरसाहेबच म्हणत. वैराग, पांगरी आणि त्यांच्या आसपासच्या वाड्यावस्त्या ही त्यांची फिरती. कॅरिअरला डाव्या बाजूला एक लाकडी पेटी बांधलेली, पेटीत बर्फ घातलेला थर्मास, थर्मासात लस. त्या काळी बुळकांड्या हा रोग गावंच्या गावं रिकामी करायचा. आज बुळकांड्या जगातून नाहीसा झाला आहे. 2011 मध्ये तसं रीतसर जाहीर झालं. देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून पुसून टाकलेला हा दुसराच रोग. त्या कामात अशा हजारो पेट्या आणि हजारो थर्मास होते. त्यांतला एक आमच्या गाडीवर होता.

सुट्टीच्या दिवशी अब्बा मला पुढे टाकीवर बसवून नेत. आमच्या घरात दखनी बोलली जाते. मराठी मला शाळेत मिळाली हे खरं, पण त्याआधी ती त्या टाकीवर मिळाली. घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत, खिल्लार, वेसण, दावण, कासरा हे शब्द मी पुस्तकात वाचायच्या आधी ऐकले. ‘गाय माजावर आली’, ‘म्हैस आटली’, ‘बैल बसला तो उठलाच नाही’ अशी वाक्यं कानावर पडत गेली. पुढे मी मराठीत कविता लिहू लागलो तेव्हा लोक विचारायचे, तुमच्याकडे मराठी आली कुठून? मी काहीतरी उत्तर द्यायचो. खरं उत्तर पडवीत पोत्याखाली उभं होतं.

अब्बा 2009 मध्ये गेले. त्याच्याही आधीपासून गाडी बंद होती. घराच्या वाटण्या झाल्या. गाडी माझ्याकडच्या पडवीत राहिली, कागदपत्रं थोरल्या भावाकडच्या ट्रंकेत गेली. आम्ही त्यांना भाईजान म्हणतो. दोन घरांत भिंत एक, पण बोलणं सणावारापुरतं उरलं होतं.

मग एक गिऱ्हाईक आलं. जुन्या गाड्या घेऊन, झळाळून विकणारे लोक असतात, त्यांतले. दोघा भावांनी वाटून घेतली तरी हाताला लागेल अशी रक्कम त्यांनी सांगितली. भाईजान विकायच्या बाजूचे होते आणि त्यांची बाजू खोटी नव्हती. गुडघ्याचं ऑपरेशन तोंडावर होतं. मला विकायची नव्हती. बोलणं चढत गेलं. अखेर अम्मीने निकाल दिला. अम्मी आता ऐंशीच्या पुढे आहे. ती म्हणाली, “चलती है तो रखो. खाली देखने कू नक्को.” चालत असेल तर ठेवा, नुसती बघायला नको. मुदत बकरी ईदची. हे 2024 च्या जानेवारीतलं बोलणं. हाताशी पाच महिने होते.

त्या दिवशी पडवीचं वर्कशॉप झालं. एक जुनं टेबल, त्याला लावलेला व्हाइस, पान्यांचा एक संच, दोन पाट्या, पत्र्याचे डबे. प्रत्येक डब्यावर कागद चिकटवून त्यात कुठले नट आहेत ते लिहिलं. पुतणी मदतीला आली. ती डिप्लोमा करते. सुटा केलेला प्रत्येक भाग उलगडताना ती मोबाइलवर फोटो काढून ठेवायची. जुळवताना हे फोटो पुस्तकापेक्षा जास्त कामाला आले.

इंजिन जाम होतं. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीचा पिस्टन सिलिंडरला गंजाने धरून बसतो. अशा वेळी किकवर उभं राहायचं नसतं, काहीतरी मोडतं. प्लग काढायचा, त्या भोकातून पातळ तेल सोडायचं आणि थांबायचं. पूर्वी यासाठी रॉकेल वापरत. ते आता सहज मिळत नाही, म्हणून डिझेलमध्ये थोडं इंजिन ऑइल मिसळलं. अकरा दिवस रोज सकाळी थोडं तेल आणि हाताने चाकाला हलका रेटा. बाराव्या दिवशी केसभर हललं. त्या दिवशी पुतणीने भिंतीपलीकडे जाऊन ही बातमी सांगितली. भाईजान काही बोलले नाहीत म्हणे, पण रेडिओ बंद केला.

जावाच्या इंजिनात एकच सिलिंडर. व्यास 65 मिलिमीटर, स्ट्रोक 75. सिलिंडरला आतून ओरखडे होते. लेथवाल्याकडे नेऊन बोअर केलं, म्हणजे आतून अगदी थोडं मोठं करून घेतलं आणि त्या मापाचा पिस्टन बसवला. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवा आधी खालच्या क्रँककेसमध्ये जाते, मग वर सिलिंडरमध्ये. म्हणून खालचा भाग हवाबंद असावा लागतो. तिथले रबरी ऑइलसील वयाने कडक होतात. ते दिसत नाहीत, म्हणून लोक बदलत नाहीत. मग रंगकाम झालेली, चकचकीत गाडी रस्त्यात धूर ओकते किंवा इंजिन पुन्हा धरतं. आम्ही रंगाच्या आधी सील बदलले. आणखी एक सांगतो. जुन्या ब्रेकच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेकच्या ड्रममधली धूळ फुंकर मारून उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

या कामात मला शब्दांचीही गंमत वाटत होती. मिस्त्री आणि चावी हे शब्द पोर्तुगिजांचे, पुर्जा आणि कारागीर फारसीतले, प्लग आणि पिस्टन इंग्रजी, कानस आणि हातोडा आपले. सगळे एका पाटीत पडलेले असतात आणि कुणाचं कुणाशी अडत नाही. ‘दुरुस्त’ हाही फारसीच. त्याचा मूळ अर्थ बरोबर, ठीक. दुरुस्त म्हणजे नवं असा अर्थ कुठल्याच भाषेत नाही.

आमचा खरा वाद इथेच होता. इंजिन सुटल्यावर ते गिऱ्हाईक पुन्हा आलं. त्यांचं म्हणणं, टाकीचा पोचा काढा, कॅरिअर बदला, सगळ्याला नवं क्रोम करा, मी आणखी देतो. क्रोम आम्हीही थोडं केलं. हँडल आणि रिम यांवर गंज खोलवर गेला होता. तिथे तांबं, निकेल आणि वर क्रोम असे थर चढवून घेणं भागच होतं. रंग मूळचाच ठेवला, गडद तांबडा. टाकीवरची सोनेरी रेघ गावातल्या एका वृद्ध पेंटरने मोजपट्टी न लावता, बारीक ब्रशने एका दमात ओढली. पण कॅरिअर तसंच ठेवलं. त्याची डावी दांडी जरा खाली वाकलेली आहे आणि पेटीच्या दोरीने तिथलं लोखंड घासून गुळगुळीत झालं आहे. वीस-बावीस वर्षं बर्फाची पेटी रोज त्या जागी बसत होती. ती दांडी सरळ केली असती तर गाडी शोरूमसारखी दिसली असती, पण मग ती कुणाचीही झाली असती. जिथे गंज होता तिथे आम्ही हात घातला, आणि जिथे वापर होता तिथे थांबलो. या दोहोंतला फरक ओळखायला मात्र वेळ लागतो. बोट फिरवून बघावं लागतं.

मे महिन्यात सगळं जुळलं, पण गाडी सुरू होईना. राहिलं होतं ते पॉइंटचं आणि टायमिंगचं काम. पॉइंटची फट साधारण 0.4 मिलिमीटर लागते आणि पिस्टन वर पोचायच्या जरा आधी ठिणगी पडावी लागते. फट पट्टीने मोजता येते, टायमिंगला सवयीचा हात लागतो. आमच्या घरात तो हात एकच, भाईजानांचा. त्यांची उभी नोकरी एसटीच्या आगारात मेकॅनिक म्हणून गेली. मी निरोप पाठवला नव्हता. दोन दिवस माझ्या किकचा आवाज भिंतीपलीकडे जात होता. तिसऱ्या दिवशी सकाळी ते काठी टेकत आले, स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, “रात को नींद नहीं आती. हट बाजू कू.”

पाऊण तास ते बोलले नाहीत. पुतणीने बॅटरी धरली, मी मागितलेला पाना द्यायचा. 6 व्होल्टची ठिणगी ती, दिवसाउजेडी दिसेल न दिसेल. त्यांनी वर फडकं धरून सावली केली आणि बघितली. मग मला खूण केली. जावाला किक आणि गिअर यांचा दांडा एकच असतो, आत दाबून उभा केला की किक होतो. तिसऱ्या किकला गाडी लागली. पडवी निळ्या धुराने भरली. अम्मी आतून पदर नाकाला लावून आली, दारात उभी राहिली आणि म्हणाली, “साइलेंसर फटा है क्या?” एवढंच. सायलेन्सर खरोखरच एका जागी फुटला होता.

ईदला अजून तीन आठवडे होते. शब्दाप्रमाणे गाडी राहिली. पण अशा गोष्टी सांगताना लोक हिशेब सांगत नाहीत, म्हणून मी सांगतो. गिऱ्हाइकाने पहिल्यांदा सांगितलेल्या रकमेचा अर्धा भाग मी भाईजानांना हप्त्याने देतो आहे. त्यांचं ऑपरेशन झालं. ते नको म्हणाले नाहीत आणि म्हणायलाही नको होतं. हक्क हा हक्क असतो. मात्र त्या निमित्ताने महिन्याला एकदा पैसे द्यायला मी जातो आणि पैसे द्यायला लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ बसतो.

कागदपत्रांचं कामही दोघांनी मिळून केलं. मालक वारल्यावर गाडी वारसाच्या नावे करण्यासाठी फॉर्म 31 असतो, आणि बाकी वारसांची संमती लागते. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 2021 पासून वेगळी व्हिंटेज नोंदणी निघाली आहे, तिचा नंबरही वेगळा मिळतो. पण त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. आम्हाला चालती गाडी हवी होती, म्हणून जुनीच नोंदणी तपासणी करून पुढे चालू करून घेतली.

आता महिन्यातून दोनदा मी तिच्यावर पांगरीकडे जाऊन येतो. मागे एका वस्तीवर एक म्हातारे गृहस्थ जवळ आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. कॅरिअरच्या वाकलेल्या दांडीवर हात ठेवला आणि विचारलं, “पेटी कुठंय?”

श्रोतेहो, तुमच्याही घरी अशी एखादी गाडी पोत्याखाली असेल तर थोडं सांगतो. आधी कागदपत्रं शोधा आणि वारसांशी बोला, पाना नंतर उचला. भाग सोडवताना फोटो काढा. रंगावर खर्च करण्याआधी ऑइलसील आणि ब्रेक यांवर करा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं. म्हणून टाकीत पेट्रोल ठेवून गाडी महिनोन्‌महिने उभी करू नका. लिटरमागे 40 मिलिलिटर टू-स्ट्रोक तेल घालायला विसरू नका. आणि एखादा पोचा काढण्याआधी घरातल्या सगळ्यांत वयस्क माणसाला विचारा, हा कधी पडला होता?