जुन्या कॉन्सर्टिनाची पारख आणि लिलाव



लिलावाच्या छापील यादीत 'ॲकॉर्डियन, जुने, पेटीसह, दुरुस्तीस आलेले' एवढ्याच शब्दांत ज्या वस्तूची बोळवण केलेली असते, ती वस्तू पुष्कळदा ॲकॉर्डियन नसतेच. षटकोनी आकाराचे, दोन्ही तळहातांच्या मध्ये मावणारे, दोन बाजूंना जाळीदार तबकड्या आणि मधोमध घड्यांचा चामडी भाता असलेले ते वाद्य कॉन्सर्टिना होय. यादी तयार करणाऱ्या गृहस्थास चांदीची भांडी, घड्याळे, गालिचे अशा शेकडो वस्तूंची वर्णने थोड्या अवधीत लिहावयाची असतात. वाद्याच्या पोटात काय दडले आहे हे पाहण्याची सवड त्यास कोठून असणार? ग्राहकाचा लाभ आणि ग्राहकाची फसगत, दोहोंचा उगम या एकाच गोष्टीत आहे. जेफ्रीज बनावटीची चांगली अँग्लो कॉन्सर्टिना हजारो पौंडांना विकली जाते. दुरून तिच्यासारख्याच दिसणाऱ्या एखाद्या स्वस्त वाद्याला शंभर पौंड देणेही जड वाटावे.

या वाद्याचा जनक सर चार्ल्स व्हीटस्टन. भौतिकीच्या विद्यार्थ्यांना हे नाव 'व्हीटस्टन सेतू'मुळे परिचित असते. तो सेतू मुळात सॅम्युएल क्रिस्टी यांनी योजिला होता आणि व्हीटस्टन यांनी तो प्रसिद्धीस आणला, ही गोष्ट वेगळी. कॉन्सर्टिना मात्र निर्विवाद त्यांचीच. १८२९ साली त्यांनी तोंडाने फुंकावयाच्या 'सिम्फोनियम' नामक वाद्याचा एकाधिकार मिळविला. पुढे त्यास भाता जोडला गेला आणि १८४४ च्या एकाधिकारपत्रात कॉन्सर्टिनाचे सुधारलेले रूप नोंदविले गेले. ध्वनी निर्माण होतो तो धातूच्या मोकळ्या पत्तीच्या कंपनातून. आपल्याकडील बाजाच्या पेटीत जे 'सूर' बसविलेले असतात, तेही याच जातीचे होत. याच सुमारास, १८३४ साली, जर्मनीतील केमनिट्झ येथे कार्ल फ्रीडरिख ऊलिग याने स्वतंत्रपणे आपले वाद्य घडविले. ते स्वस्त असल्यामुळे इंग्लंड-आयर्लंडात फार लोकप्रिय झाले. तेव्हा इंग्लिश कारागिरांनी जर्मन स्वररचना घेऊन तीस आपली बारीक कारागिरी जोडली. हीच 'अँग्लो' कॉन्सर्टिना.

म्हणून हाती आलेले वाद्य कोणत्या घराण्याचे, हा पहिला प्रश्न. त्याची परीक्षा सोपी आहे. कोणतेही एक बटण दाबून धरावे, भाता ओढावा आणि मग दाबावा. दोन्ही वेळी निरनिराळे स्वर आले तर ते वाद्य अँग्लो किंवा जर्मन. एकच स्वर आला तर इंग्लिश अथवा ड्युएट. इंग्लिश कॉन्सर्टिनाला अंगठ्यासाठी चामड्याचे आकडे आणि करंगळीसाठी धातूच्या पट्ट्या असतात. अँग्लो व ड्युएट यांना तळहातावरून जाणारा पट्टा असतो. इंग्लिश पद्धतीत सप्तकाचे स्वर दोन हातांत आलटून पालटून वाटलेले असतात, तर ड्युएटमध्ये खर्जाकडील स्वर डाव्या हाती आणि तारस्वर उजव्या हाती येतात. ४८ बटणांच्या इंग्लिश कॉन्सर्टिनाची एक मौज सांगण्यासारखी आहे. तिच्यात एका सप्तकास १२ नव्हे, तर १४ स्वर असतात. पाश्चात्त्यांचे डी-शार्प व ई-फ्लॅट, तसेच जी-शार्प व ए-फ्लॅट हे स्वर तेथे पृथक् ठेविलेले असतात. पेटीच्या बारा पट्ट्यांवर श्रुतींची कुचंबणा होते, अशी तक्रार करणाऱ्या आपल्याकडील रसिकांना हे ऐकून संतोष वाटेल.

घराणे कळले की कर्त्याचा शोध घ्यावयाचा. व्हीटस्टन यांच्या पेढीसाठी काम करणारा स्विस कारागीर लुई लाशनाल १८५८ च्या सुमारास स्वतंत्र झाला, आणि त्याच्या नावाच्या कारखान्यातून एवढी वाद्ये बाहेर पडली की आज बाजारात सर्वांत अधिक तीच दिसतात. त्यांतील पुष्कळ साधी आहेत. परंतु याच कारखान्याची बारा कोनांची 'एडिओफोन' ही उच्च दर्जाची होय. व्हीटस्टन कंपनीच्या अष्टकोनी 'एओला'ची प्रतिष्ठा तशीच. कोन मोजणे हे म्हणूनच पोरखेळाचे काम नव्हे. अँग्लोमध्ये लंडनच्या चार्ल्स जेफ्रीज यांचे नाव अग्रगण्य मानले जाते. त्यांच्या पुष्कळ वाद्यांवर बटणांच्या मध्ये नाव ठोकलेले असते, काहींवर नसतेही. उलटपक्षी, वाद्यावर कोरलेले नाव कर्त्याचे नसून केवळ विक्रेत्याचे असणे हा त्या काळचा सर्वमान्य व्यवहार होता. केवळ नावावर विसंबणारा ग्राहक अर्धा फसलेला असतो.

नावापेक्षा क्रमांक बरा. तो तबकडीवर असतो आणि बहुधा आतील फळ्यांवरही ठोकलेला असतो. सर्व ठिकाणी तोच असेल तर वाद्य एकसंध आहे असे समजण्यास आधार मिळतो. व्हीटस्टन कंपनीच्या नोंदवह्या लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात सुरक्षित असून त्यांची छायाचित्रे कोणालाही संगणकावर पाहता येतात. क्रमांकावरून वाद्याचे वर्ष आणि कित्येकदा प्रकारही तेथे सापडतो. इतर कारखान्यांच्या बाबतीत अशी सोय जवळजवळ नाही, तेथे अंदाजावरच भागवावे लागते.

लिलावापूर्वी वस्तू पाहण्याचा दिवस ठेवलेला असतो. त्या दिवशी न जाता बोली लावणे हे साहस होय. एका हाताच्या पट्ट्याने वाद्य उचलावे, बटण दाबू नये, आणि दुसरी बाजू आपल्या भाराने किती वेगाने खाली येते ते पाहावे. धप्पदिशी खाली आली तर भाता किंवा झडपा गळक्या आहेत. मग प्रत्येक बटण दोन्ही दिशांनी वाजवावे. एखादा स्वर मुका असला तरी घाबरण्याचे कारण नाही. पत्तीखाली अडकलेला कचराही तसे करतो. अधिकाऱ्याची अनुज्ञा असेल तरच कडेचे स्क्रू काढावेत, आणि ज्याचा त्याने त्याच भोकात परत घालावा. आत प्रत्येक पत्ती आपल्या स्वतंत्र पितळी चौकटीत, लाकडाच्या खाचेत घट्ट बसविलेली दिसली तर ते इंग्लिश काम. एका लांब पट्टीवर अनेक पत्त्या ओळीने जडविलेल्या असतील तर बहुधा जर्मन. पत्त्या पोलादी असतील तर आवाज बुलंद आणि सुरेलपणा टिकाऊ. पितळी पत्त्यांचा आवाज मृदू, पण त्या लवकर उतरतात व तुटतात.

येथे एका दुःखद प्रकाराकडे लक्ष वेधणे भाग आहे. आयरिश संगीताच्या पुनरुज्जीवनामुळे अँग्लोची मागणी वाढली आणि ड्युएटला विचारणारे फारच थोडे उरले. परिणामी, जेफ्रीज घराण्याने घडविलेली कित्येक उत्कृष्ट ड्युएट वाद्ये उघडून, पत्त्यांची अदलाबदल करून ती अँग्लो बनविण्यात आली. असे करणाऱ्यांचा युक्तिवाद असा की, न वाजणाऱ्या वाद्यापेक्षा वाजणारे वाद्य बरे. त्यात तथ्य नाही असे नाही. तथापि मुळात थोड्याच असलेल्या वाद्यांतून एक कायमचे नाहीसे होते, ही हानी त्या युक्तिवादाने भरून येत नाही. ग्राहकाच्या दृष्टीने प्रश्न अधिक रोकडा आहे, कारण रूपांतरित वाद्य मूळच्या अँग्लोच्या भावाने गळ्यात पडू शकते. बुजविलेली भोके, पत्तीपेक्षा मोठे वा लहान वाटणारे कप्पे, नव्याने कोरलेल्या खाचा, आणि चौकटीवरील ठोकलेल्या स्वरनामाशी न जुळणारा प्रत्यक्ष स्वर, या खुणा आतच दिसतात.

आणखी एक अडचण बटणांची. जुन्या वाद्यांची बटणे हाडाची, क्वचित हस्तिदंताचीही असतात. ब्रिटनमध्ये २०१८ साली संमत झालेला हस्तिदंताचा कायदा जून २०२२ पासून अमलात आला. १९७५ पूर्वीचे वाद्य, त्यात हस्तिदंताचे प्रमाण २० टक्क्यांहून कमी असेल तर, नोंदणी करूनच विकता येते. हाडावर भिंगातून बारीक काळसर ठिपके व रेषा दिसतात. हस्तिदंताच्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्ररेषांची जाळी असते. एवढ्याशा बटणावर ती ओळखणे सोपे नाही, म्हणून विक्रेत्यास लेखी विचारणे श्रेयस्कर.

आता बोली. हातोडा पडतो ती रक्कम म्हणजे किंमत नव्हे. समजा, हातोडा २,००० पौंडांवर पडला, लिलावगृहाचे शुल्क शेकडा २५ आहे आणि त्या शुल्कावर शेकडा २० कर आहे. तर ५०० आणि १०० मिळून २,६०० पौंड द्यावे लागतील. झडपा, गाद्या, भात्याचे जोड आणि सूर लावणे यांचा खर्च यापुढे. पुष्कळ जुनी वाद्ये आजच्या ४४० कंपनांच्या मानाहून चढ्या, साडेचारशेच्या वरच्या पट्टीत लावलेली असतात. ती उतरवावयाची म्हणजे पत्त्या घासावयाच्या, आणि घासलेला धातू परत येत नाही. म्हणून हा सारा हिशेब उलट्या क्रमाने करून आपली कमाल बोली घरी असतानाच कागदावर लिहावी. दालनात समोरचा माणूस हात वर करीतच राहिला म्हणजे वाद्य अस्सल असलेच पाहिजे असे वाटू लागते. वस्तुतः तोही आपल्याकडे पाहून तसेच समजत असतो.

वाद्य घरी आल्यावर ते शेगडीजवळ वा उन्हात ठेवू नये. लाकूड आकसले की पत्त्यांच्या चौकटी सैल पडतात आणि स्वर घरघरू लागतात. दुरुस्ती कॉन्सर्टिनाच्याच जाणकाराकडे सोपवावी. आत पूर्वीच्या दुरुस्तीकाराने पेन्सिलीने लिहिलेली तारीख किंवा डकविलेली चिठ्ठी आढळल्यास ती खरवडू नये, अशी सूचना त्यास आधीच द्यावी.