आपल्या घराण्यातील पलटणीचा शिपाई
(वार्षिक संमेलनात दिलेल्या भाषणावरून)



आपल्यापैकी पुष्कळ घराण्यांत ‘आमचे पणजोबा पलटणीत होते’ असे अभिमानाने सांगण्यात येते. परंतु कोणत्या पलटणीत, किती वर्षे व कोणत्या हुद्द्यावर, असा प्रश्न केल्यास बहुधा मौनच पदरी पडते. हे मौन कसे मोडावे, एवढाच आजचा माझा विषय आहे.

प्रथम एक भेद ध्यानी घ्यावा. आपले पूर्वज ज्या सैन्यात होते ते विलायतेतील गोऱ्यांचे राजसैन्य नव्हे, तर मुंबई इलाख्याचे सैन्य होय. १८५८ पर्यंत ते कंपनी सरकारचे होते व त्यानंतर राणीच्या सरकारचे झाले. कोकणातून, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यातून, त्यात मोठी भरती होई. बंगालच्या सैन्यात जातिभेदाचे जेवढे प्रस्थ होते तेवढे येथे नव्हते. अनेक ज्ञातींचे लोक एकाच रांगेत उभे राहत. गोऱ्या सैनिकांची कागदपत्रे लंडनमध्ये विपुल आहेत. आपल्याकडील साध्या शिपायाची व्यक्तिवार नोंद मात्र तिकडे पाठविलीच जात नसे. म्हणून आपला शोध घरापासूनच सुरू झाला पाहिजे.

घरी पहिला साक्षीदार म्हणजे पदक. बहुतेक पदकांच्या कडेवर शिपायाचे नाव व पलटणीचा क्रमांक कोरलेला असतो. हबसाणच्या १८६७-६८ च्या मोहिमेचे पदक तर दुरूनही ओळखू येते. त्यावर नऊ टोकांच्या ताऱ्यात राणीची मुद्रा असून टोकांमध्ये त्या देशाच्या इंग्रजी नावाची नऊ अक्षरे आहेत. ते घरात असेल, तर आपला पूर्वज सर रॉबर्ट नेपियर यांच्या हाताखाली झूला बंदरी उतरला होता, एवढे निश्चित झाले. त्या सैन्याने १३ एप्रिल १८६८ रोजी मगदाला सर केला.

दुसरी अडचण क्रमांकांची. १८२४ साली पलटणींना नवे क्रमांक मिळाले. १९०३ मध्ये मुंबईच्या पायदळाच्या जुन्या आकड्यांत शंभर मिळविण्यात आले, आणि १९२२ मध्ये पुन्हा फेरबदल झाला. त्यामुळे तिसरी पलटण ती १०३ वी मराठा लाइट इन्फंट्री, व पुढे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण. तीन नावे दिसली तरी पलटण एकच, हे विसरू नये.

तिसरी अडचण नावांची. इंग्रज कारकून कानांवर पडेल तसे लिही. कोरेगावच्या स्तंभावर ‘नाक’ हा प्रत्यय असलेली अनेक नावे इंग्रजी लिपीत कोरलेली आहेत. ती मराठीत वाचावयाची तर उच्चाराचाच आधार घ्यावा लागतो. हुद्द्यांची चढण मात्र सोपी आहे: शिपाई, नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार व सुभेदार-मेजर. जमादारापासून वरचा हुद्दा असेल, तर छापील सैन्य-याद्यांत नाव सापडण्याचा संभव वाढतो.

हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर लढायांत नाही. पलटणीने आपल्या लोकांना नियमित वेतन, निवृत्तिवेतन आणि अक्षरओळख दिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ पलटणीच्या शाळेत शिक्षक होते. गोपाळबाबा वलंगकर हेही सैन्यातूनच निवृत्त झालेले होते. पुढे ज्या ज्ञातींनी पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केली, त्यांतील कित्येकांना शतकाच्या अखेरीस भरतीची दारे बंद झाली. चाकरीचा पुरावा नसला की अन्यायाचाही पुरावा उरत नाही.

बंधुभगिनींनो, चांदीच्या मोहाने कित्येक पदके सोनाराच्या मुशीत गेली, आणि जुने निवृत्तिवेतनाचे कागद वाळवीने खाल्ले. जाणती माणसेही दरवर्षी आपल्यातून जात आहेत. म्हणून माझी एवढीच विनंती आहे की, प्रत्येक कुटुंबाने घरातील वृद्धांना, विशेषतः वृद्ध स्त्रियांना, विचारून पूर्वजाचे नाव, गाव, पलटण व छावणी एका कागदावर लिहून काढावी, पदकाच्या कडेवरील अक्षरे जशीच्या तशी उतरून घ्यावीत आणि ती प्रत संघाच्या दप्तरी द्यावी. एका घरचा तुटका धागा दुसऱ्या घरच्या धाग्याशी जुळेल, आणि ज्यांच्या श्रमांवर आपण उभे आहोत त्यांची नावे तरी आपल्या मुलांना ठाऊक होतील.