विंडोज बिघडलं तरी फायली शाबूत

संगणक सुरू होताना निळ्या पडद्यावर अडकला, तर बहुतेक वेळा बिघडलेली असते ती ऑपरेटिंग सिस्टीम. फायली डिस्कवर जागच्या जागी असतात. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे 85 लाख विंडोज संगणक बंद पडले, तेव्हाही त्यांतल्या फायली पुसल्या गेल्या नव्हत्या.

पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत एखाद्या कारखान्याची बिलं आणि भांड्यांची डिझाइनं अशी अडकली, तर घाईने फॉरमॅट मारणं हीच सर्वांत महागडी चूक. आधी फायली बाहेर काढाव्यात, दुरुस्ती नंतर. त्यासाठी दुसऱ्या संगणकावर उबुंटूसारख्या लिनक्सचा पेन ड्राइव्ह तयार करतात. बंद पडलेला संगणक त्यावरून सुरू करून ‘ट्राय’ हा पर्याय निवडायचा. ‘इन्स्टॉल’ला हात लावायचा नाही. मग डिस्कवरचं ‘युजर्स’ फोल्डर उघडावं. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स सहसा तिथेच, वापरकर्त्याच्या नावाखाली असतात. ते सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करावं.

गाडी अडते ती बिटलॉकर या विंडोजच्या एन्क्रिप्शनपाशी. डिस्क त्याने कुलूपबंद असेल, तर 48 अंकी रिकव्हरी की लागते. ती अनेकदा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते आणि मोबाइलवरूनही पाहता येते. ती हरवली, तर निष्णात दुरुस्तीवालाही सहसा हतबल ठरतो. डिस्कच खरखरत असेल, तर मात्र हे प्रयोग नकोत. संगणक लगेच बंद करून तज्ज्ञाकडे न्यावा.

श्रोत्यांनी आपली रिकव्हरी की आजच कागदावर उतरवून ठेवावी.