माळ गळ्यात, गोळी पडशीत
(शताब्दी सोहळ्यात मुक्कामी झालेल्या भाषणावरून)



मी कीर्तनकार नाही, डॉक्टर आहे. निरूपण करत नाही, चार कामाच्या गोष्टी सांगतो.

आळंदीहून पंढरीला आपण सुमारे २५० किलोमीटर चालतो. म्हणून पुष्कळजण म्हणतात, "एवढं चालतो, मला कसली बीपी-शुगर?" पण वारी तीन आठवड्यांची, वर्ष ३६५ दिवसांचं. आणि हे आजार दुखत नाहीत. पायात काटा मोडला की लगेच कळतं. रक्तदाब वाढला तर बहुधा काहीच कळत नाही. आतल्या आत हृदय, मूत्रपिंड, डोळे झिजतात आणि एक दिवस अर्धांगाचा झटका येतो.

म्हणून तिशी ओलांडली की दुखायची वाट बघू नका, दरवर्षी तपासा. रक्तदाब १४०/९० किंवा उपाशीपोटी साखर १२६ च्या घरात गेली, तर पुन्हा तपासून औषध सुरू करायचं. गावच्या उपकेंद्रात ही तपासणी फुकट होते, आशाताईंना विचारा. मायबहिणींनी स्तनाची आणि गर्भाशयाच्या मुखाची तपासणीही करून घ्यावी. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

माळ घातली तेव्हा दारू-मटण सुटलं. तंबाखूची पुडी कनवटीला राहिली, मिसरीची डबी चुलीपाशी राहिली. तीही सोडा. तोंडात पांढरा-लाल चट्टा दिसला किंवा दोन आठवडे न भरणारी जखम असली, तर लगेच दाखवा. जेवणात वरून मीठ नको, लोणचं-पापड बेतानं. परतल्यावरही रोज अर्धा तास चालणं ठेवा.

आता वाटेतलं. "माउलीच्या वाटेवर गोळी कशाला?" म्हणून काहीजण औषध बंद करतात. असं करू नका. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर एकादशी कशी करायची ते आधी डॉक्टरांना विचारा. साबुदाणा-बटाट्यानं साखर वाढते आणि औषध घेऊन पोट रिकामं ठेवलं तर एकदम उतरते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली की लगेच साखर किंवा गूळ खा.

साखरेच्या रुग्णाचा तळवा बधिर होतो, फोड आलेला कळत नाही. आपण एकमेकांच्या पाया पडतो ना? मग मुक्कामी एकमेकांचे तळवेही बघा.

शेवटी दिंडीला एक विनंती. वैशाखातच सगळ्यांची तपासणी करा, म्हणजे प्रस्थानापर्यंत औषध लागू पडेल. नोंदवहीत नाव आणि भिशीची रक्कम लिहिता, त्याच ओळीत आजार आणि गोळीचं नावही लिहा. रात्री-अपरात्री कुणी कोसळलं, तर ती एक ओळ जीव वाचवील.

राम कृष्ण हरी!