खाष्ट सासूची पुण्याई



लग्नघरांत सर्वांचे डोळे वधूवरांवर खिळलेले असतात. परंतु कार्य तडीस जातें तें माजघरांत राबणाऱ्या माणसांच्या जिवावर. चित्रपटाचीही गोष्ट अशीच आहे. नायक-नायिकांच्या तसबिरी घरोघर लागतात. पण कथा उभी राहते ती सासू, आत्या, शेजारीण, घरमालकीण अशा भूमिका करणाऱ्यांच्या आधारावर. या भूमिकांना आपण 'दुय्यम' म्हणतों. हा शब्द कितपत न्याय्य आहे, याचा विचार आज एका नटीच्या चरित्राच्या अनुषंगानें करावा, असा माझा मानस आहे. ती नटी म्हणजे ललिता पवार.

ललिताबाईंचा जन्म १८ एप्रिल १९१६ रोजीं नाशिक जिल्ह्यांतील येवलें गांवीं झाला. पैठणीच्या विणकामासाठीं हें गांव प्रसिद्ध आहे. त्यांचें माहेरचें नांव अंबा. १९२८ च्या सुमारास, चित्रपटाला अद्याप वाचा फुटली नव्हती त्या काळीं, बालनटी म्हणून त्यांनीं या व्यवसायांत पाऊल टाकलें. १९३२ च्या 'कैलास' या मूकपटांत त्यांनीं काम केलें आणि त्याच्या निर्मितींतही वांटा उचलला; तेव्हां त्यांचें वय अवघें सोळा वर्षांचें होतें. पुढें १९३८ सालीं टॉलस्टॉयच्या 'रिझरेक्शन' या कादंबरीवर आधारलेला 'दुनिया क्या है' हा बोलपट त्यांनीं काढला. बाविशींतील तरुणीनें असा गंभीर विषय निवडावा, यावरूनच त्यांच्या बुद्धीची झेप ध्यानीं येते. नायिका म्हणून त्यांचें नांव झालें होतें आणि पुढचा मार्ग सरळ दिसत होता.

परंतु १९४२ सालीं 'जंग-ए-आझादी' या चित्रपटाचें चित्रण चालू असतांना घात झाला. थोबाडींत मारण्याचा एक प्रसंग होता. सहनट मास्टर भगवान यांचा हात अनवधानानें जोरांत बसला. त्या आघातानें ललिताबाईंच्या चेहऱ्यावर पक्षाघाताचा परिणाम झाला. दीर्घकाळ उपचार चालले. पण डाव्या डोळ्याचें व्यंग कायमचेंच राहिलें. ज्या व्यवसायांत चेहरा हेंच भांडवल, त्या व्यवसायांत वयाच्या सव्विसाव्या वर्षीं असा प्रसंग यावा, याहून मोठी आपत्ति ती कोणती? नायिकेचीं कामें आतां संपलीं होतीं. हताश होऊन घरीं बसल्या असत्या, तरी कोणी त्यांना नांवें ठेवलीं नसतीं.

त्या घरीं बसल्या नाहींत. १९४४ सालीं प्रभात कंपनीचा 'रामशास्त्री' पडद्यावर आला. गजानन जागीरदारांनीं रंगविलेल्या त्या निःस्पृह न्यायाधीशासमोर आनंदीबाई म्हणून उभ्या राहिल्या त्या ललिताबाई. 'ध' चा 'मा' करणारी बाई म्हणून जिचें नांव मराठी घरांत आजही निघतें, ती ही आनंदीबाई. नायिकेचा मार्ग बंद झाला होता. हा दुसरा मार्ग त्यांनीं ताठ मानेनें धरला. चेहऱ्याचें व्यंग त्यांनीं झांकलें नाहीं. तो किंचित् मिटलेला डोळा कधीं संशय दाखवी, कधीं हेवा, कधीं डाव मनांत शिजत असल्याची सूचना देई. जें दैवानें हिरावून घेतलें, त्याच्या उरलेल्या तुकड्यावर त्यांनीं नवा संसार थाटला.

१९५० सालीं व्ही. शांताराम यांच्या 'दहेज' या चित्रपटांत त्यांनीं हुंड्याच्या लोभानें सुनेला छळणारी सासू उभी केली. तेव्हांपासून खाष्ट सासू म्हणजे ललिता पवार, असें समीकरणच होऊन बसलें. प्रेक्षक पडद्याकडे पाहून बोटें मोडीत. नटीला याहून मोठी पावती नाहीं. पण ती पचविणें सोपें नसतें. शाळेच्या संमेलनांत शिवाजीमहाराज व्हावयास वर्गांतील प्रत्येक मुलगा तयार असतो. अफझलखान कोणी होऊं इच्छीत नाहीं. मात्र प्रवेश रंगतो तो खानाच्या कामावर, हें मी शिक्षक या नात्यानें वर्षानुवर्षें पाहिलें आहे. लोकांचा तिरस्कार स्वतःवर ओढवून घेण्याची तयारी ज्याच्यापाशीं असते, तोच हें काम करूं शकतो.

येथें एक आक्षेप विचारांत घेतला पाहिजे. चित्रपटांनीं सासूलाच सर्व पापांचें धनी ठरविलें. हुंड्याचे आंकडे ठरविणारे सासरे आणि मुकाट्यानें बसणारे नवरे अलगद सुटले. हा आक्षेप मला बव्हंशीं खरा वाटतो. पण तो कथा लिहिणाऱ्यांवर येतो, भूमिका करणाऱ्या बाईवर नव्हे. हुंडा घेण्यास व देण्यास मनाई करणारा कायदा या देशांत १९६१ सालीं झाला, आणि तो होऊनही ही चाल पुरती गेली नाहीं. 'दहेज' त्यापूर्वीं अकरा वर्षांचा. जी गोष्ट घराच्या भिंतींआड चाले, ती हजारों प्रेक्षकांसमोर मांडण्यास कोणाला तरी ती सासू व्हावें लागणारच होतें. तो वाईटपणा ललिताबाईंनीं पत्करला.

त्यांना दुष्टपणाच साधत असे, असें मात्र कोणी समजूं नये. १९५५ च्या 'श्री ४२०' मधील केळीं विकणारी गंगामाई आठवा. मुंबईच्या पदपथावरील ती फटकळ, पण मायाळू बाई ललिताबाईंचीच. १९५९ सालीं हृषीकेश मुकर्जींच्या 'अनाडी' मध्यें त्यांनीं मिसेस डिसा ही ख्रिस्ती घरमालकीण रंगविली. भाड्यासाठीं ती भाडेकरूवर ओरडते आणि त्याच तोंडानें त्याच्या जेवणाची विचारपूस करते. शेवटीं विषारी औषधानें तिचा अंत होतो. या भूमिकेसाठीं त्यांना सहाय्यक अभिनेत्रीचें फिल्मफेअर पारितोषिक मिळालें. १९७१ च्या 'आनंद' मध्यें याच दिग्दर्शकानें त्यांना रुग्णालयाची मेट्रन केलें आणि नांव पुन्हां डिसाच ठेवलें! आणखी एक गोष्ट पाहा. ज्या राज कपूरवर त्यांनीं पडद्यावर आईची माया केली, तो वयानें त्यांच्याहून केवळ आठ वर्षांनीं लहान होता. ऐन चाळिशीच्या आंत-बाहेर त्यांनीं म्हातारपण अंगावर घेतलें, आणि पुढें तेंच जन्मभर वागविलें.

त्यांना विनोदाचेंही अंग होतें. १९६१ च्या 'जंगली' मध्यें घरांत हंसण्यास बंदी करणारी आई त्यांनीं केली. पुढील वर्षींच्या 'प्रोफेसर' मधील करडी पालक बाई वृद्धाचें सोंग घेतलेल्या शिक्षकावर भाळते. त्या करड्या बाईच्या मनांत उशिरां उमललेली कोवळीक दाखवितांना त्यांनीं तिचें हंसें होऊं दिलें नाहीं. हंसतां हंसतां प्रेक्षकाला तिची कींव येते. ज्यांना ही तारेवरची कसरत साधते, त्यांना 'दुय्यम' कोणत्या मापानें म्हणावयाचें?

उतारवयांत त्या दूरचित्रवाणीवर आल्या. रामानंद सागर यांची 'रामायण' मालिका २५ जानेवारी १९८७ पासून दर रविवारीं सकाळीं दूरदर्शनवर दिसूं लागली, आणि त्या वेळीं रस्ते ओस पडत. त्यांतील मंथरा ललिताबाई होत्या. मंथरा ही रामायणांतील एक दासी. परंतु तिनें कैकेयीचे कान फुंकले नसते, तर राम वनांत गेला नसता, सीता हरली नसती, आणि पुढचें रामायण घडलेंच नसतें. दुय्यम पात्र कथेची किल्ली कशी असते, याचा याहून चांगला दाखला मला सुचत नाहीं. २०२० सालीं टाळेबंदींत ती मालिका पुन्हां दाखविण्यांत आली, तेव्हां ललिताबाईंना जाऊन बावीस वर्षें झालीं होतीं. २४ फेब्रुवारी १९९८ रोजीं पुण्यांत त्यांचें निधन झालें होतें. तरीही ज्या मुलांनीं त्यांचें नांवसुद्धां ऐकलें नव्हतें, तीं त्या मंथरेवर चिडलीं.

मूकपटापासून दूरचित्रवाणीपर्यंत, जवळजवळ साठ वर्षांचा हा प्रवास आहे. नायिकेचें आयुष्य दहा-बारा वर्षांचें. ललिताबाईंचें त्याच्या पांचपट झालें, आणि तेंही चेहरा बिघडल्यानंतर. आपल्याकडे पुण्याई या शब्दाचा अर्थ पूर्वजन्मींचें संचित असा करतात. या बाईंची पुण्याई याच जन्मींची होती, आणि ती रोजच्या कष्टांनीं मिळविलेली होती. यापुढें एखाद्या चित्रपटांतील सासूचा आपल्याला मनापासून राग आला, तर चित्रपट संपल्यावर उठण्याची घाई करूं नये. नामावलींत खालीं, बारीक अक्षरांत तिचें नांव येईल, तें वाचण्यापुरतें तरी थांबावें, एवढीच माझी विनंती आहे.