हरवलेल्या रणगाड्यांचा माग



गोठ्यामागं एखादा जुना नांगर गंजत पडलेला असतो. कुणी आणला, केव्हा टाकला, विचारलं तर घरात सांगणारं माणूस उरलेलं नसतं. आता असं एखाद्या औताचं झालं तर आपण समजू शकतो. पण सहा हत्तींचं नव्हे, पंधरा-वीस हत्तींचं वजन असलेला रणगाडाच जर असा विसरला गेला तर? तसं घडलेलं आहे, आणि तीच हकीकत आज सांगायची आहे.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीनं आपल्या पश्चिम सरहद्दीवर काँक्रीटची भक्कम तटबंदी उभारली होती. ती फोडण्यासाठी अमेरिकेनं एक अवाढव्य रणगाडा करायला घेतला. त्याचं नाव टी-२८. वजन सुमारे ८६ टन, पुढचं चिलखत १२ इंच जाडीचं, तोफ १०५ मिलिमीटरची. बैलगाडीची अरुंद चाकं चिखलात रुततात, हे शेतकऱ्याला काय सांगावं! ८६ टनांचं हे धूड रुतू नये म्हणून त्याला दोनाऐवजी चार साखळीपट्टे दिले. रेल्वेनं न्यायचं झालं की बाहेरचे दोन पट्टे सुटे करायचे, एकमेकांना जोडायचे, आणि गाडीमागं ओढत न्यायचे. युक्ती नामी होती. पण इंजिन होतं अवघं ५०० अश्वशक्तीचं. त्यामुळं वेग तासाला आठ मैलांच्या आसपास. शिवाय १९४५ साली युद्धच संपलं, आणि ज्या कामासाठी तो घडवला ते कामच उरलं नाही.

असे दोनच रणगाडे तयार झाले. एक १९४७ साली चाचणीच्या वेळी आगीत सापडला. दुसराही मोडीत गेला, असं धरून चाललं होतं. आणि काय झालं? १९७४ साली व्हर्जिनिया राज्यातल्या फोर्ट बेल्व्हॉर या लष्करी ठाण्याच्या मागच्या रानात तो बेवारस उभा असलेला सापडला! तब्बल सत्तावीस वर्षांनी. पुढं त्याची रवानगी केंटकीमधल्या पॅटन संग्रहालयात झाली आणि नंतर जॉर्जिया राज्यात.

असा माग काढताना डोळ्यांनाही फसून चालत नाही. रशियात मॉस्कोजवळ कुबिन्का इथं जर्मनीचा ‘माउस’ रणगाडा आहे. माउस म्हणजे उंदीर, आणि या उंदराचं वजन १८८ टन! तो अखंड दिसतो खरा, पण आहे दोघांचा मिळून एक. जर्मनांनी दोन नमुने केले होते. १९४५ साली पराभव समोर दिसताच पुरा झालेला नमुना त्यांनी सुरुंगानं उडवला. सोव्हिएत सैन्यानं त्याचा वरचा तोफेचा बुरूज काढून दुसऱ्याच्या धडावर बसवला. नुसती वस्तू पाहून हे कळणार नाही. त्यासाठी कागदही लागतो.

आता सर्वांत पहिल्या रणगाड्याचं ऐका. १९१५ साली इंग्लंडमधल्या लिंकन गावी, शेतीची यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात, ‘लिटल विली’ तयार झाला. त्याचे आयते आणलेले पट्टे घसरत, निखळत. म्हणून नवे पट्टे घडवावे लागले. तेवढ्यात त्याच्याहून सरस असा ‘मदर’ नावाचा नमुना तयार झाला, आणि विली मागं पडला. पण नशीब पाहा! ज्या ‘मदर’वरून पुढचे रणगाडे निघाले ती मोडीत गेली, आणि मागं पडलेला विली बोव्हिंग्टनच्या संग्रहालयात आजही उभा आहे.

शिक्षकमित्रहो, कुणी म्हणेल, फसलेल्या वस्तू जपायच्या कशाला? यशस्वी यंत्र काय जमलं ते सांगतं. फसलेलं यंत्र, माणूस कुठं अडला ते सांगतं. विलीचे पट्टे फसले नसते तर नवे पट्टे घडवण्याची वेळच आली नसती. मुलांना शास्त्र शिकवायचं तर ही अडखळ दाखवायलाच हवी.

आपल्याकडे अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, रणगाड्यांचं संग्रहालय आहे. सहल काढाल तेव्हा मुलांना तिथं जरूर न्या. आणि परत आल्यावर गावातली जुनी मोट, तिफण, शाळेच्या माळ्यावरचं मोडकं यंत्र, यांकडे एकदा पाहा. प्रत्येकाला एक चिठ्ठी बांधा: हे काय, कुणी केलं, कोणत्या साली, आणि का टाकलं. ८६ टनांचं लोखंड नजरेआड होतं, तिथं तिफणीची काय कथा? सांगणारी माणसं आहेत तोवर विचारून घ्या.