आनंदीबाईंचे उत्तर



तेरखेड्यासारख्या गावी मास्तरकी करून निवृत्त झालेल्या एका मॅट्रिक माणसाने नावाजलेल्या कादंबरीविषयी तक्रार करावी, हे कित्येकांस धार्ष्ट्याचे वाटेल. परंतु ही तक्रार जितकी कादंबरीविषयी, तितकीच माझ्याविषयीही आहे.

ती कादंबरी म्हणजे १९६८ साली प्रसिद्ध झालेली श्री. ज. जोशी यांची 'आनंदीगोपाळ'. नवशिक्या मास्तर असताना मी ती प्रथम वाचली, तेव्हा गोपाळराव जोशी मला आदर्श गुरू वाटले. शिक्षणासाठी निष्ठुर व्हावे लागते, हे मी वर्गात त्यांच्याच दाखल्याने सांगत असे. आणि माझ्या हातात त्या वेळी छडी असे.

गेल्या वर्षी माझ्या नातीने तीच कादंबरी वाचली आणि विचारले, "आजोबा, हे सगळं होत असताना आनंदीबाईंना स्वतःला काय वाटत होतं?" उत्तर शोधण्यासाठी मी पुस्तक पुन्हा उघडले आणि माझी निराशा झाली. पानोपानी मला दिसला तो गोपाळरावांचा हट्ट, त्यांचा संताप, त्यांचा विक्षिप्तपणा. आनंदीबाई मात्र त्यांनी पेटविलेल्या समईसारख्या भासल्या. उजेड खरा, पण पेटविणारा हात दुसऱ्याचा!

वस्तुतः ही बाई कोण होती? १८६५ साली कल्याणास जन्म. नवव्या वर्षी, वयाने पुष्कळ मोठ्या, टपालखात्यातील बिजवराशी विवाह. चौदाव्या वर्षी मूल झाले, ते अवघे दहा दिवस जगले. १८८३ च्या फेब्रुवारीत श्रीरामपूर येथील कॉलेजात, भरसभेत, आपण अमेरिकेस का जातो हे तिने स्वतः इंग्रजीत सांगितले. हिंदू स्त्रियांना स्त्री डॉक्टरांची नितांत गरज आहे, हे तिचे मुख्य कारण होते. त्याच वर्षी ती पतीवाचून समुद्रापार गेली. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फिया येथे तिला वैद्यकाची पदवी मिळाली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षेही पुरी झाली नसताना, पुण्यात तिचा अंत झाला.

नातीच्या प्रश्नाचे उत्तर आनंदीबाईंनी स्वतःच लिहून ठेवले आहे. अमेरिकेतून पतीस धाडलेल्या एका पत्रात त्यांनी बालपणीचा मार, अंगावर फेकलेल्या खुर्च्या व पुस्तके, सोडून जाण्याच्या धमक्या यांची आठवण स्पष्ट शब्दांत दिली. ही वागणूक चांगली की वाईट, हे ठरविणे कठीण आहे. मला विचाराल तर ती दोन्हीही होती, असा त्या पत्राचा आशय आहे. या उत्तरात कृतज्ञता आहे, आरोपही आहे, आणि एकाने दुसऱ्यास पुसून टाकलेले नाही. माझ्या मते हा तोल कादंबरीस साधला नाही.

कादंबरीकाराचे ऋण मी नाकारीत नाही. आनंदीबाईंचे नाव घरोघर पोहोचले, ते बहुतांशी त्यांच्यामुळे. गोपाळरावांवाचून त्या काळी ही मुलगी शिकली असती, असेही मी म्हणत नाही. परंतु ऐतिहासिक स्त्रीवर लिहिताना तिचे स्वतःचे शब्द हाती असतील, तर निवाडा तिच्याकडूनच घ्यावा. आनंदीबाईंचे मराठी चरित्र काशीबाई कानिटकर या लेखिकेने गेल्या शतकापूर्वीच लिहिले होते. कादंबरीशेजारी तेही घरात असावे.

आमच्या गावी फटाक्यांचे कारखाने आहेत. तशा एका कारखान्यात हिशेब ठेवणारी माझी जुनी विद्यार्थिनी परवा वाटेत भेटली. मी तिला नातीसारखाच प्रश्न केला. ती हसून म्हणाली, "गुरुजी, हिशेब लिहिते ती तुमच्यामुळंच. पण बेरीज चुकली की हात अजून आपोआप मागं जातो."

तिचेही उत्तर दोन्ही बाजूंचे होते. ते ऐकून घेण्यास मला चाळीस वर्षे लागली.